एका आकड्यावरून मुलाची पारख : मानसिक चाचण्यांतील गुणांचा अर्थ

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



इयत्ता चौथीतील एका मुलाची बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली आणि तिचा अहवाल शाळेत येऊन पोहोचला, अशी कल्पना करावी. अहवालात बरेच काही लिहिलेले असते. परंतु वाचणाऱ्याची दृष्टी एकाच ठिकाणी खिळते : बुद्धिगुणांक ६८. त्या क्षणापर्यंत जो मुलगा शिक्षकाला ‘मागे पडलेला, पण धडपड करणारा’ वाटत होता, तोच आता निराळा दिसू लागतो. प्रश्न विचारताना शिक्षकाची नजर त्याला ओलांडून पुढे जाते. फळ्याजवळची त्याची जागा मागच्या भिंतीशी सरकते. पालक भेटीस आले असता ‘याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका’ असे वाक्य सहज निघून जाते, आणि ते वाक्य त्या घरात वर्षानुवर्षे राहते.

या सर्व प्रकारात आकडा खोटा होता असे नव्हे. आकडा वाचावा कसा, हे ठाऊक नव्हते. मानसिक चाचण्यांचे गुण वाचण्यास जे संख्याशास्त्र लागते ते फार थोडे आहे. बेरीज, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ येणाऱ्या कोणाही शिक्षकास ते एका दुपारी आत्मसात करता येईल. परंतु ते न येण्याची किंमत शिक्षकास नव्हे, तर मुलास द्यावी लागते. यास्तव या विषयाचा प्राथमिक विचार करणे अगत्याचे आहे.

बुद्धिमापनाचा उगमच मुळी शाळेच्या गरजेतून झाला. फ्रान्समध्ये १९०४ साली, सर्वसाधारण वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशा मुलांचा प्रश्न सोडविण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. तिच्या कार्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस कसोट्यांची एक श्रेणी तयार केली. पेटत्या काडीमागे दृष्टी फिरविण्यासारख्या अगदी सोप्या कृतीपासून अमूर्त शब्दांतील भेद सांगण्यापर्यंत त्या कसोट्या चढत्या क्रमाने रचलेल्या होत्या. कोणत्या मुलास अधिक साहाय्य हवे, हे शोधणे एवढाच त्यांचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली आणि कधीही न वाढणारी वस्तू आहे, या मताचा बिने यांनी १९०९ साली आपल्या ग्रंथात स्पष्टपणे निषेध केला. चाचणीच्या जनकाचा हा हेतू ध्यानी ठेवूनच पुढील विवेचनाकडे वळावे.

पहिली गोष्ट अशी की, नुसत्या गुणाला अर्थ नसतो. एका मुलीस अंकगणिताच्या चाचणीत पन्नासपैकी ३६ गुण मिळाले, एवढ्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. चाचणी सोपी असेल तर ३६ हा सामान्य गुण होय. कठीण असेल तर तोच उत्तम होय. गुणाला अर्थ प्राप्त होतो तो तुलनेने. ही तुलना करण्यासाठी प्रथम त्या गटाचा मध्य काढावा लागतो.

समजा, दहा मुलांच्या एका गटाचे अंकगणितातील गुण असे आहेत : २०, २४, २४, २८, २८, ३२, ३२, ३६, ३६, ४०. यांची बेरीज ३०० होते. तिला दहाने भागले असता ३० हे मध्यमान, म्हणजेच सरासरी, मिळते. ३६ गुण मिळविणारी मुलगी गटाच्या मध्यमानापेक्षा सहाने वर आहे, हे आता सांगता येते.

सरासरी ही उपयुक्त खरी, पण भोळी आहे. वरील गटात २० गुण मिळविणारा मुलगा चाचणीच्या दिवशी तापाने फणफणलेला होता आणि त्याने कोरी उत्तरपत्रिका दिली, असे मानले तर बेरीज २८० होऊन सरासरी २८ वर येते. एकाच्या आजारपणाने साऱ्या गटाचा मध्य दोन गुणांनी घसरला! अशा वेळी मध्यगा पाहावी. सर्व गुण चढत्या क्रमाने मांडून जो बरोबर मधला गुण येतो ती मध्यगा होय. संख्या सम असल्यास मधल्या दोन गुणांची सरासरी घ्यावी. येथे मधले दोन गुण २८ आणि ३२ असल्याने मध्यगा ३० येते, आणि एका कोऱ्या उत्तरपत्रिकेने ती हलत नाही. ज्या गटात एकदोन गुण फार दूर पडले असतील, तेथे मध्यगा अधिक विश्वासाची समजावी.

आता दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट : गुणांचा विस्तार. दोन गावांत वर्षभरात सारखाच पाऊस पडतो. परंतु एका गावी तो चार महिने बेताबेताने पडतो आणि दुसऱ्या गावी आठ दिवसांत कोसळून जातो. दोन्ही गावांची बेरीज एक, पण पिकाची कथा निराळी. हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. वर्गाच्या गुणांचेही असेच आहे. दोन गटांची सरासरी सारखी असूनही एकाचे गुण तिच्याभोवती दाटलेले, तर दुसऱ्याचे दूरवर पसरलेले असू शकतात. हा पसारा मोजण्याचे जे माप, त्यास प्रमाण विचलन म्हणतात.

ते काढण्याची रीत सरळ आहे. प्रत्येक गुण मध्यमानापासून किती दूर आहे ते लिहावे. वरील गटात ही अंतरे अनुक्रमे १०, ६, ६, २, २ खाली आणि २, २, ६, ६, १० वर अशी आहेत. त्यांची नुसती बेरीज केली तर खालची आणि वरची अंतरे एकमेकांस खाऊन टाकतात व शून्य उरते. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करावा. वर्गांची बेरीज ३६० येते. तिला दहाने भागले असता ३६. आणि त्याचे वर्गमूळ ६. हेच या गटाचे प्रमाण विचलन होय.

त्याच दहा मुलांचे भाषेच्या चाचणीतील गुण २४, २८, २८, २९, ३०, ३०, ३१, ३२, ३२, ३६ असे आहेत असे समजू. येथेही बेरीज ३०० आणि मध्यमान ३० आहे. परंतु अंतरांच्या वर्गांची बेरीज केवळ ९० भरते, आणि प्रमाण विचलन ३ येते. आता त्याच मुलीस भाषेतही ३६ गुण मिळाले आहेत. प्रगतिपुस्तकावर दोन्ही विषयांत ३६ आणि ३६ असे लिहिले जाईल, आणि दोन्ही विषयांत तिची गती सारखीच आहे असा समज होईल. वस्तुस्थिती तशी नाही. अंकगणितात ती मध्यमानापासून सहा गुण, म्हणजे एक प्रमाण विचलन, वर आहे. भाषेतही ती सहा गुणच वर आहे. पण तेथे प्रमाण विचलन तीन असल्याने ती दोन प्रमाण विचलने वर आहे. गटाच्या मानाने तिची भाषेतील झेप अंकगणितातील झेपेच्या दुप्पट आहे.

गुणातून मध्यमान वजा करून बाकीला प्रमाण विचलनाने भागले असता जो अंक मिळतो, त्यास प्रमाण गुण म्हणतात. मुलीचा अंकगणितातील प्रमाण गुण १ आणि भाषेतील २ आहे. निरनिराळ्या चाचण्यांचे गुण एका मापाने मोजण्याचे हे साधन होय. रुपये आणि पौंड यांची बेरीज जशी नाणे बदलल्याशिवाय करता येत नाही, तसेच दोन चाचण्यांचे गुण प्रमाण गुणांत बदलल्याशिवाय शेजारी ठेवू नयेत.

मोठ्या संख्येने मुलांची चाचणी घेतली असता गुण बहुधा विशिष्ट रीतीने विभागलेले आढळतात. मध्यमानाच्या आसपास पुष्कळ मुले, आणि जसजसे दूर जावे तसतशी ती विरळ. आलेखावर काढल्यास घंटेच्या आकाराची रेषा दिसते. या प्रसामान्य वितरणात सुमारे दोनतृतीयांश मुले मध्यमानाच्या दोन्ही अंगांस एका प्रमाण विचलनाच्या आत, आणि शेकडा ९५ मुले दोन प्रमाण विचलनांच्या आत येतात. ज्याचा प्रमाण गुण १ आहे, त्याच्या खाली शंभरातील सुमारे ८४ मुले असतात. प्रमाण गुण २ असल्यास सुमारे ९८.

यासच शततमक म्हणतात, आणि या शब्दाने होणारा घोटाळा फार सामान्य आहे. ‘८४ वा शततमक’ याचा अर्थ मुलास शेकडा ८४ गुण मिळाले असा नव्हे. शंभरातील ८४ मुले त्याच्या खाली आहेत, असा आहे. ‘४० वा शततमक’ हे शब्द ऐकून मूल जेमतेम उत्तीर्ण झाले असे पालकांस वाटते; वस्तुतः ते मूल अगदी मधल्या घोळक्यात असते. दुसरे असे की, शततमकाच्या पायऱ्या समान उंचीच्या नसतात. बुद्धिगुणांकाच्या भाषेत बोलायचे तर ५० व्या शततमकावरून ६० व्यावर जाण्यास सुमारे ४ गुण पुरतात. ८९ व्यावरून ९९ व्यावर जाण्यास मात्र सुमारे १६ गुण लागतात. मध्यभागी गर्दी असल्याने थोड्याशा गुणांनीही क्रम बराच बदलतो. म्हणून मधल्या शततमकांतील लहानसहान फरकांवर मुलांची प्रतवारी करणे व्यर्थ होय.

आता बुद्धिगुणांकाकडे वळावे. बिने यांनी मुलाचे मानसिक वय सांगितले होते. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची सूचना केली, आणि १९१६ साली अमेरिकेत लुई टर्मन यांनी त्या भागाकारास शंभराने गुणून बुद्धिगुणांक प्रचारात आणला. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा असेल तर त्याचा गुणांक ७५. बारा वर्षांच्या मुलाचे दहा असेल तर ८३. दोघेही दोन वर्षांनीच मागे, पण लहानाचे मागे पडणे अधिक गंभीर, हे या रीतीने दिसून आले. तथापि मानसिक वय वाढत्या वयाबरोबर अखंड वाढत नाही. प्रौढांच्या बाबतीत हा भागाकार निरर्थक ठरतो. म्हणून डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली निराळी रीत स्वीकारली. मुलाची वा प्रौढाची तुलना त्याच्याच वयोगटाशी करावयाची, त्या गटाचे मध्यमान १०० मानावयाचे आणि प्रमाण विचलन १५. आज प्रचलित असलेला बुद्धिगुणांक हा असा प्रमाण गुणाचाच एक वेष आहे. त्यात भागाकार उरलेला नाही, केवळ जुने नाव राहिले आहे. सर्व चाचण्यांचे प्रमाण विचलन १५ च असेल असेही नाही. स्टॅनफर्ड-बिने चाचणीच्या १९६० च्या आवृत्तीत ते १६ होते. त्यामुळे मध्यमानाच्या दोन प्रमाण विचलने खालचा गुण एका चाचणीत ७०, तर दुसरीत ६८ येतो. अहवालात चाचणीचे नाव नसेल, तर आकडा अर्धवटच समजावा.

प्रारंभीच्या मुलाचा गुणांक ६८ होता. मध्यमान १०० आणि प्रमाण विचलन १५ धरल्यास तो मध्यमानापासून दोन प्रमाण विचलनांहून किंचित अधिक खाली येतो. शंभरातील सुमारे दोनच मुले त्याच्या खाली असतील. येथे थांबणारा वाचक निम्माच अहवाल वाचतो. कारण कोणतेही माप अचूक नसते. बाजारात तेच धान्य दोनदा तोलले तरी काटा थोडा हलतो. मुलाचे मन तर धान्याहून फार चंचल! झोप, भूक, परक्या माणसाची भीती, प्रश्नाचा चुकून लागलेला अर्थ, यांनी गुण वरखाली होतो.

ही हालचाल किती, हे सांगणारे माप म्हणजे मापनाची प्रमाण त्रुटी. चाचणीची विश्वसनीयता एकातून वजा करावी, बाकीचे वर्गमूळ काढावे आणि त्यास प्रमाण विचलनाने गुणावे. विश्वसनीयता ०.९१ असलेली चाचणी चांगलीच समजली जाते. बाकी ०.०९, वर्गमूळ ०.३, आणि १५ ने गुणता ४.५. म्हणजे चांगल्या चाचणीतही प्रमाण त्रुटी साडेचार गुणांची! शंभरातील ९५ वेळा खरे ठरावे अशा बेताने बोलायचे तर तिच्या दुप्पट, नऊ गुण, दोन्ही अंगांस सोडावे लागतात. त्या मुलाचा गुणांक ‘६८’ नसून ‘५९ ते ७७ यांच्या दरम्यान कोठेतरी’ आहे. शेजारच्या बाकावरील मुलाचा ७४ आला असेल, तर तो ‘६५ ते ८३’ आहे. या दोन पट्ट्या एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की, ७० या रेषेने त्या मुलांना दोन जातींत विभागणे केवळ अशास्त्रीय ठरते.

याच त्रुटीतून आणखी एक भ्रम उद्भवतो. पहिल्या चाचणीत अगदी तळाशी आलेली मुले पुन्हा चाचणी घेतल्यावर, काहीही उपाय न करता, सरासरीच्या दिशेने थोडी वर सरकलेली दिसतात. आणि अग्रभागी आलेली थोडी खाली. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईबाप व मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात असाच कल दाखविला होता. यास्तव उपचारात्मक वर्गाचे यश अजमावताना तशाच मुलांच्या, पण त्या वर्गात न गेलेल्या, दुसऱ्या गटाशी तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

शेवटचा प्रश्न सर्वांत मूलभूत आहे : तुलना कोणाशी केली? चाचणीची प्रमाणके ज्या मुलांवरून ठरविली, त्या मुलांसारखेच हे मूल असेल तरच तुलना न्याय्य. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ज्यांची मातृभाषा स्पॅनिश होती अशा नऊ मुलांची इंग्रजीतून चाचणी घेऊन त्यांना मंदबुद्धीच्या वर्गात घातले होते. त्यांच्याच भाषेतून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा त्यांपैकी बहुतेक त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर निघाली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९७० साली झालेल्या तडजोडीने मुलांची चाचणी त्यांच्या मातृभाषेतून घेण्याचे मान्य करण्यात आले. मुले तीच होती. भाषा बदलली आणि बुद्धी ‘वाढली’! मेळघाटात कोरकू बोलणारे, नंदुरबारकडे पावरी बोलणारे वा गडचिरोलीत गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीतील प्रश्नापुढे गप्प बसते, तेव्हा ते बुद्धीने गप्प आहे की भाषेने, याचे उत्तर गुणांक देऊ शकत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर राहिलेल्या मुलाचेही तसेच.

ही अडचण जाणूनच आपल्याकडे रूपांतरे झाली. मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी बिने श्रेणीचे केलेले रूपांतर १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. नागपूर येथे आर्थर मालिन यांनी वेक्स्लर यांच्या मुलांच्या चाचणीचे भारतीय रूप १९६९ साली सिद्ध केले. ही कामे मोलाची होत. परंतु प्रमाणकेही जुनी होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले की, १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांची चाचणीतील सरासरी सुमारे १४ गुणांनी वाढली होती. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीस जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून अहवाल वाचताना प्रमाणके कोणत्या साली व कोणत्या मुलांवरून ठरविली, हे विचारणे हा उद्धटपणा नसून कर्तव्य आहे.

मुलावर बौद्धिक अपंगत्वाचा शिक्का मारण्याच्या बाबतीत कायद्यानेही सावधगिरी सांगितली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा केवळ बौद्धिक कार्यातील मर्यादेवर थांबत नाही. दैनंदिन, सामाजिक व व्यावहारिक वर्तनातही लक्षणीय मर्यादा असली पाहिजे, असे तो म्हणतो. ही दुसरी बाजू परीक्षकास तासाभरात दिसत नाही. ती शिक्षकास रोज दिसते. मूल दुकानातून उरलेले पैसे बरोबर आणते की नाही, धाकट्या भावंडास सांभाळते की नाही, खेळाचे नियम समजते की नाही, याची नोंद शिक्षकाने ठेवली तर ती अहवालास पूरक ठरते.

सारांश, अहवाल हाती आल्यावर शिक्षकाने पाच प्रश्न विचारावेत. चाचणी कोणती आणि तिचे मध्यमान व प्रमाण विचलन किती? दिलेला अंक शततमक आहे, प्रमाण गुण आहे की शेकडेवारी? त्रुटी धरून गुणाची पट्टी कोठून कोठपर्यंत? प्रमाणके कोणत्या मुलांवरून व केव्हा ठरविली? आणि मुलाची भाषा, प्रकृती व शाळेतील हजेरी यांचा विचार झाला आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर चाचणी घेणाऱ्यास लिहून विचारावे. तोपर्यंत अंक नोंदवहीतच राहू द्यावा, वर्गात उच्चारू नये.

चौथीतील तो मुलगा अजूनही मागच्या भिंतीशी बसलेला आहे. त्याच्या शिक्षकाने हे पाच प्रश्न विचारले, तर कदाचित पट्टीच्या खालच्या टोकाचे सत्य निघेल आणि मुलास विशेष साहाय्य मिळेल. कदाचित वरच्या टोकाचे निघेल आणि त्यास केवळ भाषेची व सहवासाची जोड पुरेल. दोन्ही प्रसंगी त्याची जागा फळ्याजवळच आहे. ज्या मुलास अधिक शिकवावयाचे आहे ते मूल शोधण्यासाठी ही चाचणी निर्माण झाली होती. शिक्षकाने तिचा उपयोगही त्याच कामी करावा.